दुपारचं दूध

९ फेब्रुवारी

बाळ्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, कागद उरला तर. आधी कामाचं.

रविवारी फोन होतो तरी पत्र कशाला, असं म्हणशील. दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या बायकोच्या कानातच बोलायचं. शिवाय तुझ्या बोगद्याच्या कामावरून आवाज असा येतो, जसं कुणी रिकाम्या कॅनमध्ये तोंड घालून बोलतंय. मी विचारते एक आणि तू सांगतोस भलतंच. म्हणून गोटीच्या वहीतली मधली पानं काढली. मी चौथी शिकलेली बाई. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, तुला काही घाई नाही तिथे.

गोष्ट तुझ्या मुलीची आहे. गोटी सात वर्षांची झाली आणि अजून पहिलीतल्या पोरांच्या खांद्याला लागते. तोंड गोल, अंग गुबगुबीत, बोटं आखूड. हाताला पेटका आला की बोटं आवळून पाखराच्या चोचीसारखी होतात आणि ती दुसऱ्या हातानं ती सोडवत बसते. गेल्या महिन्यात शाळेत आकडी आली, रक्त तपासलं, कॅल्शियम कमी निघालं. इथवर तुला ठाऊक आहे. पुढचं तुला तुझ्या बायकोनं सांगितलं, आणि माझा संशय तिथूनच सुरू होतो.

मोठ्या दवाखान्यात मुलांच्या ग्रंथींची डॉक्टरीण आहे, तिच्याकडे ही एकटी गेली. मला म्हणाली, "आई, तुमची सकाळची पाळी असते, तुम्ही कशाला धावपळ करता?" परत आली ती तोंड पाडून. दुखण्याचं नाव तिनं चिठ्ठीवर आणलं होतं. स्यूडोहायपोपॅराथायरॉयडिझम. एक-एक अक्षर बघून उतरवलंय, चुकलं तर चुकलं. म्हणे गोटीच्या गळ्यातल्या ग्रंथी कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन भरपूर करतात, उलट जास्तच करतात, पण अंग त्याचं ऐकत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे सासू ओरडतेय आणि सून ढिम्म?"

ती हसली नाही. "तसंच समजा," म्हणाली.

बरं, समजले. मग म्हणते, "आणि आई, दूध कमी करायचंय. दिवसाला अर्धा कप. त्याच्या वर थेंब नाही."

आता तूच सांग. कॅल्शियम कमी म्हणून दूध बंद? सव्वीस वर्षं मी दूध संकलन केंद्राच्या खिडकीत बसते. रोज सकाळी साठ माणसं कॅन घेऊन येतात, प्रत्येकाचं दूध शुद्ध, प्रत्येकाची म्हैस गुणाची. मी काही बोलत नाही. नमुना काढते, लॅक्टोमीटर सोडते, तो खाली बुडाला की माणसाच्या तोंडाकडे बघते. पाणी कुणी घातलं ते मला नळीच्या आधी तोंडावरून कळतं. आणि तुझ्या बायकोचं तोंड त्या दिवशी तसंच होतं.

गोळ्यांचा डबा तिनं वरच्या फळीवर ठेवलाय, कुलूप लावून. कुलूप कुणासाठी? कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, हे मोठ्ठी अक्षरं, वर लिहिलंय "आईंसाठी". मला हुकूम देणारी ती कोण? मी वाचलाही नाही. कपाट उघडते, हवं ते घेते, दार लावते.

मला वाटतं, पोर जाड दिसते याची तिला लाज वाटते. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीत दिवसभर सडपातळ गिऱ्हाइकांना आरसा दाखवायचा आणि घरी येऊन पोरीचं तोंड बांधायचं. डॉक्टरिणीनं असं काही सांगितलंच नसेल. तू विचार तिला. माझं नाव घेऊ नकोस.

आई


२६ फेब्रुवारी

बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या. "आई, तिच्यावर विश्वास ठेव, ती गोटीची आई आहे." मीही कुणाची तरी आई आहे, म्हणूनच लिहिते.

तुला एक नवीन सांगते. ते वाचून मग विश्वासाचं बोल.

गोटीला मूठ आवळायला सांगितलंस कधी? मूठ आवळली की बोटांच्या मुळाशी हाडांचे उंचवटे वर येतात. तिच्या चौथ्या बोटाशी उंचवटा नाही, खळगा आहे. मी म्हटलं ही काय गंमत! गोटी म्हणाली, "आजी, डॉक्टरबाईंना हे खूप आवडलं, त्यांनी दोनदा बघितलं." हे दुखण्याचंच एक लक्षण आहे म्हणे.

परवा तुझी बायको मोरीत चादर पिळत होती. हात आवळलेले. आणि मी बघितलं, उजव्या हाताच्या चौथ्या बोटाशी तोच खळगा! डाव्यालाही थोडा. आठ वर्षं ती माझ्यासमोर चादरी पिळते, माझं लक्ष गेलं नाही. माझं! जिला डब्यातला अर्धा पेला पाणी कळतो.

मी तिथेच विचारलं, "लग्नाच्या आधी ठाऊक होतं ना तुला?"

"काय ठाऊक होतं?"

"हेच. बोटांचं."

तिनं चादर सोडली. हात वर धरून उलटासुलटा केला, जसा काही आत्ताच कुणी तिच्या मनगटाला लावून दिलाय. म्हणाली, "माझी बोटं आखूड आहेत एवढंच ठाऊक होतं, आई. माझ्या बाबांचीही होती. दुखणं मला कधीच नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, बापाकडून आलं तर नुसती हाडं आखूड होतात. आईकडून मुलाला गेलं की असं होतं." मग हात पदराखाली घेतला आणि ओली चादर तशीच बादलीत टाकून आत गेली.

आता बघ. डॉक्टरिणीनं तिला हे सांगितलं, तिनं तुला सांगितलं का? नाही सांगितलं. मला सांगितलं तेही मी विचारल्यावर. कुठंतरी पाणी मुरतंय. ज्या बाईनं एक गोष्ट झाकली, ती दुसरी झाकणार नाही कशावरून?

असो. तू काळजी करू नकोस. गोटी एक वाजता शाळेतून येते, माझी संध्याकाळची पाळी पाचला. मधले चार तास ती माझ्याकडे असते आणि माझ्याकडे असताना तुझी मुलगी उपाशी राहत नाही, एवढं लक्षात ठेव. केंद्रातून कामगाराला रोज लिटरभर दूध मिळतं. आजवर मी ते तिथल्याच पोरींना वाटून टाकायचे, आता घरी आणते. तुझ्या बायकोला सांगितलंय, माझी हाडं दुखतात, मला लागतं. तिनं लगेच मान डोलावली, "घ्या ना आई, घ्यायलाच हवं." म्हणजे मी प्यायलं तर चालतं!

गोटीच्या गालावर लाली आलीय. मला विचारू नकोस कशानं.

आई

आशीर्वाद मागच्या खेपेला राहिले होते, ते यात धर.


१९ मार्च

बाळ्या,

तुला फोनवर कळलंच आहे. तरी मी लिहिते, कारण मी तिथे होते.

शुक्रवारी शाळेत तिला पुन्हा आकडी आली. या वेळी मोठी. शिपाईबाई तिला उचलून रिक्षात घेऊन बसल्या, मी केंद्रावरून तशीच अंगावरच्या एप्रनसकट दवाखान्यात गेले. हाताला सुई, छातीला तारा लावलेल्या, डोक्याशी यंत्र टिक टिक करतंय. सलाइनमधून कॅल्शियम सोडत होते, अगदी सावकाश. नर्स म्हणाली, जोरात सोडलं तर हृदयाला धोका. ती थेंब मोजत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती नर्स चांगली होती.

डॉक्टरीण आली. मी पहिल्यांदा बघितली. लहानखुरी, चपला चट चट वाजवणारी. हातात रिपोर्ट. तुझ्या बायकोला म्हणाली, "ताई, कॅल्शियम खाली गेलंय हे एक. पण फॉस्फरस बघा. गेल्या वेळेपेक्षा किती वर! औषध चालू असताना एवढा वर जातो म्हणजे कुठून तरी पोटात जातोय. दूध किती देता?"

"अर्धा कप. सकाळी."

"खरं सांगा. रागावणार नाही."

"अर्धाच कप, डॉक्टर. मी मापून देते."

"चीज, दही, बाहेरची बाटलीतली पेयं?"

"नाही हो." तुझ्या बायकोचा आवाज बारीक झाला होता. खोटं बोलणाऱ्याचा होतो तसा, असं मला तेव्हा वाटलं.

मग डॉक्टरीण गोटीकडे वाकली. "तुला कुणी दूध देतं का गं? शाळेत, शेजारी?" गोटीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, नाही.

"दुपारी घरी कोण असतं?"

"आजी."

डॉक्टरीण वळली माझ्याकडे. "आजी, तुम्ही काय देता दुपारी?"

मी म्हटलं, "जेवण वाढते." आणि जेवण मी वाढते, हे काही खोटं नाही. वर म्हटलं, "आणि मी आजी तिची, तुमची नव्हे." ती हसली आणि तो विषय तिथे संपला.

शेवटी म्हणाली, आहाराचं म्हणता तसं असेल तर औषधच पुरत नाहीये. गोळ्या दुप्पट केल्यात. दोन आठवड्यांनी, सोमवारी, पुन्हा रक्त. जाता जाता तुझ्या बायकोला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. कडक बोलली असावी, कारण ती परत आली तेव्हा तिचे कान लाल होते.

तू रविवारच्या फोनवर तिला काय विचारायचं ते विचार. पण जास्त बोलू नकोस. ती तीन दिवस खुर्चीवर बसूनच झोपलीय.

मी या पत्रात जास्त काही लिहीत नाही. हात दुखतोय.

आई


२९ मार्च

बाळ्या,

तुला सांगितलं होतं, जास्त बोलू नकोस म्हणून.

आज तुझा फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं होतं, पण तू असा ओरडत होतास की दार काय करणार. "आई पहिल्यापासून सांगतेय, तूच काहीतरी लपवतेस." "बोटांचं तरी कुठे सांगितलं होतंस?" माझे शब्द, जसेच्या तसे. मी लिहिले तेव्हा ते एवढे मोठे नव्हते.

तिनं फोन ठेवला, पिशवी भरली, गोटीचे कपडे, गोळ्यांचा डबा. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "कुठे निघालीस?"

"ताईकडे."

"किती दिवस?"

"तुमचा मुलगा घरी येईपर्यंत. मग तुम्ही दोघं ठरवा, मी काय काय लपवलं ते."

गोटीनं निघताना दोनदा पाणी मागितलं. पेला संपवून पुन्हा मागितलं. जिन्यात ओकली. आईनं तिचं तोंड पुसलं, म्हणाली, रडून रडून झालंय.

ती माझा फोन घेत नाही. तुझा घेत असेल तर तिला म्हणावं, सोमवारची रक्त तपासणी चुकवू नकोस. नाही, राहू दे. तू काही बोलू नकोस. तू बोललास की बिघडतं.

तसं घाबरायचं कारण नाही. आता सगळं ठीक होईल. ज्यानं बिघडलं ते मी दवाखान्याच्या दिवसापासूनच थांबवलंय. काय ते विचारू नकोस.

आई


३० मार्च

तुला,

पत्राच्या वर काय लिहावं ते कळेना. आठ वर्षं मी तुला "अगं" म्हणूनच हाक मारली. तेच धर.

डॉक्टरीणबाईंचा फोन तुला सकाळी आला असेल. माझा घेतला नाहीस, त्यांचा घेतलास ते बरं केलंस. त्यांनी सांगितलं असेल तसं कर, आधी गोटीचं रक्त दे, मग हे वाच. त्यांनी कारण सांगितलं नसेल. मीच म्हटलं, कारण मी सांगते.

दूध मी देत होते.

फेब्रुवारीच्या दहा तारखेपासून. दुपारी शाळेतून आली की एक मोठा पेला, चारला दुसरा. उरलं तर साय काढून, साखर घालून. माझी हाडं दुखत नाहीत. गोटीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "आजी, आईला सांगू?" मी म्हटलं, "आईला कशाला सांगायचं? आपलं दोघींचं." दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून सांगितलं ते माझ्यासाठी. छातीला तारा लावलेल्या होत्या तिच्या, बोटं अजून सरळ झाली नव्हती, आणि पोरीनं मला वाचवलं. मी वाचले. तू अडकलीस. मी तिथे उभी होते.

मला वाटत होतं तू खोटं बोलतेस. नुसतं वाटत नव्हतं, मला खात्री होती. खात्री असली की माणूस विचारत नाही.

दवाखान्यातून आल्यावर मी दूध बंद केलं. मनात म्हटलं, कुणाला कळायचं कारण नाही, पोर बरी होईल, विषय मिटेल. काल तुम्ही गेल्यावर संध्याकाळच्या पाळीहून आले, चहा करायला कपाट उघडलं आणि तुझा तो कागद समोर आला. घरात मी एकटी, म्हणून वाचला. बोट ठेवून, एकेक शब्द. मला वाटलं होतं हुकूम असतील. तू लिहिलं होतंस:

"आई, दुधात कॅल्शियम आहे पण फॉस्फरसही आहे, आणि गोटीचं अंग फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही. तो वाढला की कॅल्शियम खाली जातं. म्हणून दूध कमी. गोळ्या मीच जेवणाबरोबर देते, रिकाम्या पोटी नको; डबा गोटीच्या हाती लागू नये म्हणून कुलूप आहे. हात आवळले तर मला लगेच फोन करा. खूप तहान, उलटी, पोट साफ नाही, असं झालं तर औषध जास्त होतंय, ते मूत्रपिंडाला वाईट. तेव्हाही लगेच फोन करा. मी डॉक्टरांना सगळं दोनदा विचारलंय. तुम्हाला काही विचारायचं असेल तर मी पुढच्या वेळी विचारून येईन."

खूप तहान, उलटी. मी त्या शब्दांवर पुन्हा बोट ठेवलं.

मग हिशोब लागला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दुप्पट केल्या त्या दुधावर. दूध आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मी दूध काढून घेतलं. राहिल्या नुसत्या दुप्पट गोळ्या. मी लपवलं तेव्हा पोरीला एक धोका दिला आणि लपवूनच थांबवलं तेव्हा दुसरा दिला. आणि तू तिला घेऊन निघून गेलीस, सोमवारची तपासणी चुकणार, आणि हे सगळं ठाऊक असलेली एकटी मी, जिचा फोन तू घेत नाहीस.

आज सकाळी पाळी टाकली, सव्वीस वर्षांत तिसऱ्यांदा, आणि दवाखान्याच्या दारात जाऊन बसले. डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या तशी समोर गेले. सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. आधी तुला फोन लावला, मग मला खुर्ची दिली.

"तुम्ही काम काय करता?" म्हणाल्या.

"दूध तपासते. सव्वीस वर्षं."

"काय शोधता दुधात?"

"पाणी."

"आणि पाणी नसलं की चांगलं."

"हो."

त्यांनी गोटीचे रिपोर्ट पुढे ओढले. मग म्हणाल्या, "नुसत्या दुधामुळेच आकडी आली असं मी म्हणणार नाही. हे दुखणं तसंही त्रास देतं. पण मला ठाऊक असतं तर मी गोळ्या वाढवल्या नसत्या. आणि तुमच्या सुनेला जे बोलले ते बोलले नसते." काय बोलल्या होत्या ते मी विचारलं. म्हणाल्या होत्या ना तुला, की जी आई मुलाचं पथ्य पाळत नाही तिला मी औषध देऊन काय उपयोग? आणि तू ऐकून घेतलंस.

तुझ्या नवऱ्याला मी पत्रं लिहिली. त्यात लिहिलं की तू पोरीला उपाशी ठेवतेस, तुला तिची लाज वाटते, तू लग्नाआधीपासून दुखणं लपवलंस. तो फोनवर जे बोलला ते माझं होतं, आवाज तेवढा त्याचा. बोटांचं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं, स्वतःच्या बोटांकडे बघून कोण दवाखान्यात जातं.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं तर तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. गोटीला एवढं सांग, आजीनं आईला सांगितलंय, आता तुला काही लपवायचं नाही. ती विचार करत बसते, तोंडानं बोलत नाही.

रक्ताचं काय आलं ते मला कळवू नकोस वाटलं तर. डॉक्टरीणबाईंना मी विचारेन. त्या सांगतील न सांगतील.


२४ एप्रिल

बाळ्या,

तुझं लांब पत्र पोचलं. एवढं मोठं पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील. त्यातलं अर्धं रागाचं आहे, ते मी ठेवून घेतलं, माझं आहे. उरलेलं अर्धं, "आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू गोटीच्या भल्यासाठीच केलंस," ते परत पाठवते. ते मला नको. भल्यासाठी केलं म्हणून फॉस्फरस कमी होत नाही.

रक्ताचं तुला ठाऊक आहेच. कॅल्शियम फार वर गेलं होतं. तीन दिवस गोळ्या बंद, मग पहिल्यापेक्षा थोड्याच जास्त. तहान गेली, ओकणं थांबलं. मूत्रपिंडाचा फोटो काढला, आत्ता तरी काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघणार. सहा महिने मी कसे काढायचे ते मी बघेन.

ती परत आली. तुझ्यासाठी नाही आली, माझ्यासाठी तर नाहीच. शाळा इथे आहे आणि डॉक्टरीण इथे आहे. आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "आई, गोटी दुपारी तुमच्याकडे राहणार नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

तिला वाटलं असेल मी भांडेन. तयार होऊन आली होती. मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

"जेवले," मी म्हटलं. जेवले नव्हते. सवय जात नाही लगेच.

तू एक काम कर. माझी आधीची चारही पत्रं तुझ्याकडे असतील. ती तिला पाठव. वाचून दाखवू नकोस, गाळशील. पाठव. मी तिला सांगितलंय त्यात काय आहे, पण सांगितलेलं वेगळं आणि माझ्या अक्षरात बघणं वेगळं. माल आला तर नमुना बघून घ्यावा माणसानं. आणि रविवारी फोन केलास की आधी तिच्याशी बोल. ती बोलली नाही तरी लाइन धरून ठेव. तुझे पैसे जातील, जाऊ देत.

दुपारी गोटी शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडे बसते. आपली आणि त्यांची गॅलरी एकच, मध्ये नुसती जाळी. त्यांच्या मशिनचा आवाज येतो, मध्येच गोटीचा. तिला चिंध्या निवडायला दिल्यात, रंगानुसार. मी माझ्या खोलीत बसते. जाळीपाशी जात नाही.

आज तीच आली. जाळीतून बोटं बाहेर काढून म्हणाली, "आजी, तू एकटी काय करतेस?"

"बसलेय."

"मग इकडे ये ना. बाईंकडे लाल चिंध्या खूप झाल्यात, कुणाला तरी गाठी मारायला पाहिजेत."

"आईला विचार."

"आई सातला येते. तोवर चिंध्या संपतील."

"तरी विचार."

ती रुसली. गाल फुगवून गेली आत, आणि तिथून ओरडून सांगितलं, "विचारीन! पण ती हो म्हणाली तर तू नाही म्हणायचं नाही हां!"

सून काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. तोंडावरून ओळखायचं मी सोडलंय. आता पावणेपाच झालेत, पाळीला निघते.

आई